फुकटचा मास्तर

तुम्ही नोकरीसाठी चंद्रहासचं नाव पाठवलंच नाही. टेबलापलीकडे चहाचा मग धरून दर मंगळवारी 'ग्रँड, ग्रँड', छान चाललंय, म्हणणाऱ्या बाई, तुम्हालाच म्हणतोय.

परदेशातल्या या स्वोर्ड्स गावात न्हाव्याच्या दुकानावर तुमचा नोकरी शोधायला शिकवणारा वर्ग भरतो. नोकरी जाऊन वर्षं उलटलेल्यांनी यायचं, नाही आलं तर सरकार बेकारभत्ता कापणार. चंद्रहासने कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात सतरा वर्षं मशिनं सांभाळलेली. महिन्याभरात तुमच्या लक्षात आलं, मुलाखतीची तयारी हा तुमच्यापेक्षा बरी करून घेतो. मग काय! तो फळ्यापाशी उभा, तुम्ही मागे फोन बघत. त्यालाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू? कोणीतरी त्याचं ऐकत होतं.

चार महिन्यांपूर्वी इंद्रनील आला. चंद्रहासने त्याचा सीव्ही तीनदा लिहून दिला, उत्तरं घोटून घेतली.

आज तोच इंद्रनील पेढे घेऊन आला. गळ्यात नव्या चिप-कारखान्याचं ओळखपत्र. खिशात ठेवता आलं असतं, नाही ठेवलं. चंद्रहासची नजर त्या पट्ट्यावरून हलेना. पेढा तोंडात घोळत राहिला. मशिनच्या पंपाचा आवाज बदलला तर बिघाड या गाढवाला कळणार आहे का? आणि घरी बायको, संध्या, विचारणार, "इंद्रनीलला लागली म्हणे?"

"काका, सगळं तुमच्यामुळे हं."

"काका कुणाला म्हणतोस रे? नऊच वर्षांनी मोठा आहे."

"बरं, सर! ऐका ना, तिथल्या मॅनेजरने विचारलं, एवढी तयारी कोणी करून घेतली? तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाला, मग त्यांनाच का नाही पाठवलं? आपल्या वर्गातून बाईंनी तिघांचीच नावं पाठवली होती ना."

हा खिजवतोय, असं चंद्रहासला वाटलं. चेहरा पाहिला, तर खिजवत नव्हता. तेच जास्त झोंबलं.

तेवढ्यात तुम्ही नेहमीसारखा मार्कर पुढे केलात. नवे सहाजण वाट बघत बसले होते. चंद्रहासने मार्कर घेतला नाही. खुर्ची ओढून तो त्यांच्याच रांगेत बसला.

"माझं नाव दिलं होतं का?" त्याने इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"चंद्रहास, तुझ्याशिवाय हा वर्ग चालेल कसा?"

"वर्गाचं नंतर बघू. दिलं होतं की नव्हतं? यांच्यासमोर सांगा."