चटईखाली कोण

“आला गं तुझा भाऊ. उजाडायच्या आधीपासून बसलाय,” आपेलूकाका म्हणाले. “उचल आता ती चटई.”

“बसू दे. ऊन कुठे चढलंय अजून?”

अंगणात, आईच्या थडग्यापासून चार पावलांवर, बारीक विणीची मानाची चटई पांघरून माणूस गुडघ्यांवर बसला होता. आमच्या सामोआत माफी अशीच मागतात. ज्यांचं वाईट केलं त्यांच्या दारात चटईखाली बसायचं, आणि त्यांनी येऊन ती उचलायची. उचलली नाही तर तसंच परत जायचं. पहाटे इओसुआची गाडी थांबल्याचा आवाज मी अंथरुणातूनच ऐकला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

इओसुआ माझा धाकटा भाऊ. वीस वर्षं त्याने गावात दुकान चालवलं. पाव, माशांचे डबे, रॉकेल, शाळेच्या वह्या. कुणाकडे मयत झाली की बोलावण्याआधी हा तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन हजर. म्हणून तर आम्ही त्याला घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख, केलं. मताई असल्याशिवाय निवडणुकीला उभंच राहता येत नाही. गावाने भरभरून मतं दिली आणि साहेब बोटीत बसून राजधानीला, आपियाला, संसदेत गेले. त्यानंतर मयतीला पोतं यायचं, खांदा काही यायचा नाही.

गेल्या महिन्यात तिथे कायदा झाला. किनाऱ्यावरची घराण्याची जमीन आता घराण्याला न विचारता हॉटेलवाल्यांना नव्वद वर्षांसाठी देता येणार. आमची जमीन यादीत पहिली, आईच्या थडग्यासकट. इओसुआने त्याच्या बाजूने हात वर केला होता. हे मला रेडिओवरून कळलं.

फोन केला तर म्हणतो, “ताई, पक्षाचा आदेश होता. सगळ्यांनीच हात वर केला. माझ्या एकट्याने काय अडणार होतं?”

“काही अडलं नसतं. तुझा हात तरी खाली राहिला असता.”

मग घराणं बसलं. त्याचं मताईपद काढून घ्यायचं का? पद गेलं की संसदेतली खुर्चीही गेली. पण आमच्यात बहिणीच्या शब्दाला वजन. ठरलं असं, की तो माफी मागायला आला आणि फुआरोसाने, म्हणजे मी, चटई उचलली तर पद राहील. नाहीतर संपलं.

दहाच्या सुमाराला ऊन थेट चटईवर आलं. खालचा माणूस हलू लागला. इओसुआचं डोकं उन्हाने दुखतं, लहानपणापासून. रागाने मी नुसती जळत होते, तरी पाय घरात ठरेनात. शेवटी उठले. डोळे भरून आले होते. चटईचं टोक धरलं आणि उचलली.

खाली सकालिया होते. दुकानात पहिल्या दिवसापासून पोती उचलणारे, सत्तरीचे सकालिया, घामाने निथळत.

“तुम्ही? इओसुआ कुठाय?”

“आपियाला, बाई. आज संसदेत मतदान आहे म्हणाले.” त्यांनी मान वर केली नाही. “म्हणाले, चटई उचलली की माफी झाली. खाली कोण होतं ते मग कोण विचारतंय?”

घरातल्या पोराने गुन्हा केला तर त्याच्यासाठी मताई चटईखाली बसतो, हे मी जन्मभर बघत आले. मताईने गुन्हा करून म्हाताऱ्या नोकराला उन्हात बसवलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चीड आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

“उचललीस ना? झालं तर मग!” काका घरातून ओरडले. “राहिलं त्याचं पद!”

“जो खाली होता त्याला माफ केलं, काका. इओसुआ तर आलाच नाही.”

 

सकालियांना उठवेना. गुडघे आखडले होते. काखेत हात घालून मी त्यांना उभं केलं, हळूहळू घरात आणलं आणि समोरच्या मधल्या खांबाला टेकून बसवलं.

ते दचकले. “इथे नको, बाई. ही मताईंची जागा.”

“होती,” मी म्हटलं, आणि त्यांना वाढायला घेतलं.