धवलारणीची नात

लिफ्टचा दरवाजा गोजराआजीच्या डोळ्यांदेखत मिटला आणि तिची सहा वर्षांची नात एकटीच वर गेली. पिशवीचा बंद तुटून कांदे जिन्यापर्यंत घरंगळले, ते वेचायला आजी दोन पावलं बाहेर आली, एवढीच तिची चूक. आतली जाळी निशिगंधाने रोजच्या सवयीने ओढून घेतली होती. वर कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट दुसरा मजला ओलांडून गेली आणि तेवढ्यात लाईट गेली.

एप्रिलची दुपार, साडेबाराचा सुमार. पोरगी नुकतीच शाळेतून आली होती. कांद्यांची पिशवी काखेत मारून आजी जिना चढू लागली. गुडघे तिचे केव्हाच संपावर गेलेले, पण त्या दिवशी तिने त्यांना विचारलंच नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचली तोवर तिथे आठ-दहा माणसं जमली होती. वॉचमन भैरूने किल्लीने दरवाजा उघडला होता. लिफ्ट अधांतरी लटकत होती. तिचा वरचा भाग तेवढा लादीच्या वर आलेला आणि त्या वीतभर फटीतून आतला अंधार दिसत होता.

“ए पोरी! हाईस का आत?” भैरू साताऱ्याकडचा. हाक मारायची तर शेताच्या या बांधावरून त्या बांधाला, अशीच त्याला माहीत.

आतून काही नाही.

“निशू, आवाज दे बेटा!” “घाबरू नको, फक्त हो म्हण!” “अगं, बोल की!” जो तो वाकून फटीला तोंड लावत होता. कुणी मोबाईलचा टॉर्च मारला. मागची भिंत वरवर दिसली, पोरगी नाही दिसली.

“चक्कर तर नाही ना आली तिला?”

“तिला कुठे बोलता येतं? मुकी आहे ती,” चौथ्या मजल्यावरच्या सुनयनाबाई म्हणाल्या. वाईट हेतूने नाही, माहिती दिल्यासारखं.

गोजराआजीच्या काळजात चर्र झालं. मुकी म्हणे! घरात ही पोरगी सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू व्हायची, ती झोपेपर्यंत. बापाच्या नकला करायची, आजीला तिच्याच आगरी बोलीत दटावायची. पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेत दोन वर्षं झाली, बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीला नुसती उभी राहायची. पाणी पिऊ का, हेसुद्धा विचारायची नाही आणि तहानलेली घरी यायची.

सून सुचिता तिला नेरूळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, तेव्हा आजीही सोबत होती. बाई म्हणाल्या, “हा हट्ट नाही, आजी. तिला बोलायचं असतं, पण चार माणसांत घसा आवळल्यासारखा होतो. तुम्ही बोल बोल कराल तितका जास्त आवळेल. प्रश्न विचारू नका. तोंडाकडे बघत बसू नका. बोललीच, तर कौतुकाचा गाजावाजा करू नका. शेजारी बसा, आपलं काम करा. तिला यायचं तेव्हा ती येईल.”

गप्प बसायला शिकवणारी डॉक्टरीण आजीने जन्मात पाहिली नव्हती. ती पडली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवल्यांची गाणी म्हणायची ती हिने. हळद असो की मांडव, पहिली ओळ गोजराची. ती अर्धी सोडायची आणि शेजारी बसलेल्या बाईने ती उचलून पुरी करायची. पन्नास वर्षं तिचा आवाज घणसोली गावात गाजला, आणि तिच्याच नातीला लोकांनी मुकी म्हणावं? पोरीला तर सगळे धवले तोंडपाठ. दुपारी आजी सुकट निवडायला बसली की ही शेजारी बसून अर्ध्या ओळी उचलायची, एक शब्द चुकायची नाही.

म्हणून तर ते घडलं. पुतण्या प्रीतमच्या हळदीला, भर मांडवात, दोनशे माणसांपुढे आजीने पोरीला मांडीवर ओढलं आणि तिच्या तोंडापुढे माईक धरला. “बोल गो माजी बाय. दाखव यांना.” आपण पोरीचं भलं करतोय, अशीच तिची समजूत होती. माईकमधून फक्त पोरीचा श्वास ऐकू आला, सगळ्या मांडवाला. मग आजीच्या मांडीला ओलं लागलं. कुणीतरी हसलं.

त्या रात्रीपासून निशिगंधा घरातही बोलेनाशी झाली. आईशी नाही, बापाशी नाही, आजीशी तर नाहीच. आज अठरावा दिवस. सुचिताने सासूला एका शब्दाने दोष दिला नव्हता. दिला असता तर आजीला बरं वाटलं असतं.

भैरूचा फोन वाजला. लिफ्टवाला सनी गच्चीवरच्या खोलीत पोचला होता. भैरूने स्पीकर लावला.

“मेन स्विच बंद केलाय मी,” सनी म्हणाला. “हातानं चाक फिरवून दुसऱ्या मजल्यावर घेतो, पाच मिनिटांचं काम. पण पोरगी कुठं उभी हाय ते सांगा. लहान पोरं अशा वेळी जाळी धरतात. बोटं बाहेर असली आणि लिफ्ट हलली तर…”

“तर काय?” कुणीतरी विचारलंच.

“बीमची कड हाय तिथं. मला इथून काय दिसत नाय. तिला विचारा, ती मागं हाय का. तिनं हो म्हटल्याशिवाय मी हात लावनार नाय.”

पुन्हा गलका. “निशू, मागे हो! झालीस का मागे? हो म्हण!” फटीतून गरम वाफ येत होती. आत पंखा बंद, हवा बंद. वीस मिनिटं होऊन गेली होती. आतून काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला, मग पुन्हा सामसूम.

गोजराआजीच्याही गळ्याशी हाक आली होती, गावठाणापर्यंत पोचेल अशी. ती ओरडणारच होती. मग तिला माईकमधला तो श्वास आठवला आणि हाक तिथेच विरली. आत काय चाललं असेल, हे त्या दहा माणसांत तिला एकटीला कळलं. पोरगी शुद्धीवर आहे, सगळं ऐकतेय, आणि प्रत्येक हाकेगणिक तिचा गळा आणखी आवळतोय. हिला वाचवायला जमलेलीच माणसं हिला मारणार होती.

“सगली खाली जा,” आजी म्हणाली.

“आजी, अहो तिला आवाज तर…”

“खाली जा बोलतंय ना मी! एक मानूस नको मना हितं. टार्च बंद करा. भैरू, तू जिन्याच्या वलनावं उभा रा, फोन घेऊन. बोलू नको, फकस्त ऐक.”

लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी अग्निशमन दलाला फोन लावू लागलं, सुनयनाबाई पुटपुटल्या, पण गोजराआजीने एकेकाच्या खांद्याला हात लावून जिना दाखवला. शेवटचं पाऊल तळमजल्यावर वाजायचं थांबलं तेव्हा मजल्यावर फक्त उकाडा उरला.

आजी फटीकडे पाठ करून लादीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मग पिशवीतले कांदे घेऊन वरची सालं काढू लागली.

“मी हितंच बसलंय,” ती साध्या आवाजात म्हणाली. “कुनी नाय आता. मी कांदं सोलतंय.”

काही नाही.

“त्या दिवशी मी चुकलं, निशू. माजी चूक होती ती, तुजी नाय. मना लोकांना दाखवायचं होतं. तुना दाखवायचं नवतं, मना मिरवायचं होतं.” हे बोलताना तिचे डोळे वाहू लागले आणि तिने ते वाहू दिले. कांद्यांवर ढकलायलाही कुणी समोर नव्हतं.

मग तिने धवला धरला. मांडवातल्यासारखा नाही, दुपारच्या कामातला, खालच्या पट्टीत.

“नवरी निंगाली गो, मांडवाच्या दारी…”

ओळ अर्धी सोडून ती थांबली. तिने सोललेलं साल बाजूला ठेवलं, दुसरं सोललं. वळणावर भैरूच्या फोनमधून सनीचा आवाज आला, “काय झालं? उशीर होतोय.” भैरूने फोन छातीशी दाबला.

“नवरी निंगाली गो, मांडवाच्या दारी…”

नाही. आजीला वळून फटीतून ओरडावंसं वाटत होतं, देवाला नवस बोलावासा वाटत होता. तिने तिसरा कांदा घेतला आणि तिसऱ्यांदा तीच ओळ तशीच सोडली, जशी अर्धी ओळ सोडायची असते. शेजारीण उचलेल या भरवशावर.

“…करवल्या चालल्या गो, दोहीकडं चारी.”

आवाज एवढासा होता. घसा सुकलेला, सूर हललेला, पण शब्द सगळे होते. आजीने मान वळवली नाही. शाबास म्हणाली नाही. पुढची ओळ कुठल्याच धवल्यात नव्हती, ती तिने तिथेच जुळवली.

“नवरी बसली गो, अंधाऱ्या घरान…”

आतून आलं, “दाराशी बसली गो, जाली धरून.”

वळणावर भैरूचा हात तोंडावर गेला. पोरीची बोटं जाळीतच होती. मघाशी कुणी घाईने चाक फिरवलं असतं तर काय झालं असतं, हे आजीच्याही डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या हातातला कांदा सुटला. पण सूर सुटू द्यायचा नाही, पन्नास वर्षांत तो एकदाही सुटला नव्हता.

“सोडली जाली गो, सरली ती मागं…”

आत बूट घासल्याचा आवाज. “भिंतीला टेकली गो,” पोरगी म्हणाली, आणि आता सूर थोडा सरळ होता, “भिंतीच्या अंगं.”

“हात नवरीचं गो, नवरीचं हात…”

“मांडीवं ठेवलं गो, मुठी आवलत.”

आजीने वळणाकडे बघून मान हलवली. भैरू फोनमध्ये कुजबुजला, “मागं हाय ती. हात मांडीव. घे, हळू घे.” वर चाक कुरकुरलं. लिफ्ट बोट बोट खाली सरकू लागली, आणि ती टेकेपर्यंत आजी नि नात ओळीमागून ओळ म्हणत राहिल्या. कशाच्या काय ओळी होत्या, कुणाला सांगता आलं नसतं.

आजी जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर आली. दरवाजा उघडला तेव्हा सगळी मंडळी वर धावून आली होती. निशिगंधा घामाने निथळत बाहेर आली आणि आजीच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहिली. टाळ्या वाजल्या. पोरीची पाठ लाकडासारखी ताठ झाली.

“पण कळलं कसं, ती मागे सरकली ते?” सुनयनाबाईंनी विचारलं. “बोलली का ती? आजी, खरंच बोलली?”

सगळे आजीच्या तोंडाकडे बघत होते. दोन वर्षं गोजरा याच घडीची वाट बघत होती. एक शब्द पुरे होता. उद्यापर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं असतं की गोजराची नात मुकी नाही, आणि परवापासून जिन्यात भेटेल तो म्हणाला असता, निशू, आम्हालाही म्हणून दाखव. निऱ्या धरलेली मूठ आवळत चालली होती.

“कुठं बोलते ती?” गोजराआजी म्हणाली. “मीच वाकून बगितलं फटीतनं.”

“भैरू, तू होतास ना?”

“मी वळणावं हुतो,” भैरू म्हणाला. “मला काय दिसतंय तिथनं.”

“मुकी ती मुकीच शेवटी,” सुनयनाबाई हळहळल्या. “बिचारी.” आजीने तो शब्द गिळला. जड गेला, पण गिळला.

दोघी जिन्याने घराकडे निघाल्या. तिसरा मजला गेला. खालचे आवाज मिटत गेले. वळणावर कुणी नव्हतं. निशिगंधाने आजीचा पदर ओढला.

“आजी, तू खोटं बोललीस.”

अठरा दिवसांनी. गोजराआजीला तिथेच तिला उचलून छातीशी कवटाळावंसं वाटलं. तिने कठड्याला हात धरला आणि पुढची पायरी चढली.

“बोललं मी,” ती म्हणाली. “चल, पाय उचल.”