तळवे बघणारा आरसा

मित्रांनो, मी जातीचा आरसा आहे, पण माझ्यात बघून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. माझ्या वाट्याला आले तळपाय. बशीएवढा गोल आहे मी, लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला. मला जमिनीलगत धरायचं, वर पाऊल उचलायचं आणि तळवा बघायचा, एवढंच माझं काम. हसलात ना? हसा, मला सवय आहे. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली भावंडं सलूनच्या भिंतीवर गेली, कुणी गाडीत लागलं, कुणी नवरीच्या खोलीत. त्यांनी जन्मभर हसरे चेहरे पाहिले असतील. मी जे पाहिलं ते आठवलं की अजूनही माझ्या काचेला घाम फुटतो.

कारखान्यातून मी आलो एका मोठ्या दवाखान्यात. तिथे मधुमेहाच्या विभागात एक सिस्टर होती. अंगाने बारकी, पण बोलायला लागली की समोरच्याने गप्प बसावं. ती एक संशोधन करत होती. मधुमेहाच्या काही रुग्णांचे पाय हळूहळू बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला, तरी त्यांना पत्ता नसतो. दुखतच नाही, तर बघणार कोण? जखम आतल्या आत चिघळते आणि एक दिवस पाय कापायची पाळी येते. सिस्टरचं म्हणणं असं की, गोळी नको, इंजेक्शन नको. माणसांना नीट शिकवा आणि रोज स्वतःचे तळवे बघायला लावा, त्यानेच कितीतरी पाय वाचतील.

हे सांगायला ती मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत मला हातात घेऊन उभी राहिली होती. एक डॉक्टर हसत म्हणाले, "सिस्टर, आरशाने जखम बरी होते का?"

"बरी होत नाही, सर. वेळेवर दिसते," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मला परवानगी मिळाली. माझ्यासारखे बरेच आरसे आले आणि सिस्टर एकेका रुग्णाला समोर बसवून शिकवू लागली. तिची पद्धत छान होती. आधी ती शिकवायची, मग म्हणायची, "आता मी पेशंट आणि तुम्ही सिस्टर. मला शिकवा." बहुतेक लोक तिथे अडखळायचे. कुणी बोटांच्या बेचक्या विसरायचं, कुणी टाच. मग ती न चिडता परत सांगायची.

मी ज्यांच्या वाट्याला आलो ते मात्र अडखळले नाहीत. ते होते शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. उभं आयुष्य गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ ठेवण्यात गेलेलं. त्यांनी सिस्टरचा शब्द न् शब्द उतरवल्यासारखा परत म्हणून दाखवला. "रोज संध्याकाळी उजेडात बसायचं. आधी अंगठ्यापासून बोटं, मग बेचक्या, मग चवडा, मग टाच. लाल दिसलं, फोड दिसला, काही रुतलेलं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. अनवाणी फिरायचं नाही." सिस्टर खूश झाली. बाकीच्यांना म्हणाली, "बघा, असं पाहिजे." मलाही वाटलं, चला, आपल्याला हुशार मालक मिळाला.

मास्तरांचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे एक खोली. दुकानात खिडकीपाशी पायाने चालवायची मशीन, बाजूला कापड बेतायचं टेबल आणि जमिनीवर चिंध्या, दोरे, खडूचे तुकडे. मास्तर कापायचे, शिवायचे. त्यांची बायको, म्हणजे आपल्या काकू, काजं-बटणं करायच्या, तुरपाई करायच्या, स्वयंपाक करायच्या, पाणी भरायच्या आणि उरलेल्या वेळात मास्तरांवर ओरडायच्या. काकूंचं चालणं फार हलकं. टाच न टेकवता, चवड्यावर अलगद चालायच्या. मास्तर दुपारी जरा पडायचे, त्यांची झोप मोडू नये म्हणून अशा चालतात, असं मला वाटायचं. किती हे प्रेम, असंही वाटायचं.

माझी जागा मशीनशेजारच्या खिळ्यावर. रोज संध्याकाळी मास्तर मला काढायचे, स्टुलावर बसायचे, सगळं सांगितल्याबरहुकूम बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "स्वच्छ. काही नाही." काकू आतून विचारायच्या, "अहो, बघितलं का?" आणि मास्तर म्हणायचे, "बघितलं गं बाई, किती वेळा सांगू." मी समाधानाने खिळ्यावर परत जायचो.

आणि मग एका संध्याकाळी मास्तरांनी मला उलटं धरलं.

म्हणजे माझी काच खाली फरशीकडे आणि पाठ वर त्यांच्या पायाकडे. माझी पाठ काळ्या प्लास्टिकची आहे. तिच्यात पाय सोडा, उजेडही दिसत नाही. मला वाटलं, आता त्यांच्या लक्षात येईल, हसतील, मला फिरवतील. मास्तर वाकले. काळ्या प्लास्टिककडे एकटक बघत त्यांनी बोटं पाहिली, बेचक्या पाहिल्या, चवडा पाहिला, टाच पाहिली. मग म्हणाले, "स्वच्छ. काही नाही."

मित्रांनो, माझ्या पायाखाली जमीन नसते, नाहीतर ती सरकली असती. या माणसाला दिसत नव्हतं. आजच नव्हे, पहिल्या दिवसापासून दिसत नव्हतं. आता एकेक गोष्ट माझ्या डोक्यात प्रकाश पाडू लागली. काकू सकाळीच सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, कारण मास्तर म्हणायचे, "जवळचं जरा अंधुक दिसतं, बाकी ठणठणीत आहे." कापड ते बोटांनी चाचपून ओळखायचे. गिऱ्हाइकाला आवाजावरून हाक मारायचे. डोळ्यांवर पडदा चढत होता आणि मास्तर तो सगळ्या जगापासून लपवत होते, बायकोपासूनसुद्धा. सिस्टरने त्यांना सगळं विचारलं होतं, पण दिसतं का, हे काही विचारलं नव्हतं. एवढं घडाघडा सांगणाऱ्या माणसाला ते कोण विचारणार?

पुढचं सांगताना मला त्रास होतो. मास्तर शिवताना टाचण्या ओठांत धरायचे. त्यांतली एक पडली. मशीन चालवताना चप्पल काढायची त्यांची सवय, कारण बधिर पायाला चपलेतून मशीनची पायपट्टी जराही कळत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी मला सरळ धरलं, आणि मला चौथ्या बोटाच्या मुळाशी एक चकचकीत ठिपका दिसला. टाचणीचं डोकं होतं ते. अख्खी टाचणी आत गेलेली.

"स्वच्छ," मास्तर म्हणाले. "काही नाही."

मी काय करणार होतो? आरसा दुसऱ्याचं तोंड दाखवतो, त्याला स्वतःचं तोंड नसतं. मी खिडकीतला उजेड धरून त्यांच्या डोळ्यांवर टाकायचा प्रयत्न केला, तर त्यांनी डोळे बारीक केले आणि मला जरा तिरपं धरलं. दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती लाल कडं होतं. मग ते पसरलं. मग बोट सुजलं, मग जांभळं पडलं, आणि रोज संध्याकाळी त्या बोटावरून मला फिरवत मास्तर तेच म्हणायचे. आतून काकू तेच विचारायच्या. त्या घरात रोज तपासणी होत होती आणि पाय सडत होता. इतका नियमाने सडणारा पाय दुसरा कुणी पाहिला नसेल.

अशात सिस्टर आली. संशोधनातल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती विचारपूस करायची. मास्तरांनी तिचं हसून स्वागत केलं, काकूंनी चहा टाकला. सिस्टरने विचारलं, "काका, आरसा वापरता ना?" मास्तरांनी सगळा धडा पुन्हा एकदा म्हणून दाखवला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सिस्टर म्हणाली, "तुमच्याकडून आमच्या पोरींनी शिकावं. जरा करून दाखवता?"

घरात स्टूल एकच, त्यावर मास्तर. म्हणून सिस्टर चहाचा कप घेऊन सरळ खाली फरशीवर बसली. मास्तरांनी पाय उचलला, मला खाली धरलं, आणि माझ्यात जे दिसत होतं ते तिला दिसलं.

माझ्यात त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा आला. पांढराफटक होता. कप तिच्या हातात तसाच राहिला.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "काय दिसतंय?"

"काही नाही. स्वच्छ."

"परत एकदा बघा."

मास्तरांनी परत बघितलं. "स्वच्छ आहे हो, सिस्टर."

सिस्टरने कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर आपला हात धरला. "किती बोटं आहेत?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मास्तर म्हणाले, "सिस्टर, शिंप्याला दिसत नाही हे बाहेर कळलं, तर दुकानाची पायरी कोण चढेल?"

काकू पुढे आल्या, त्यांनी वाकून तो पाय पाहिला. "रोज विचारत होते मी," त्या म्हणाल्या. "रोज विचारत होते हो."

"मीसुद्धा विचारलं, काकू," सिस्टर म्हणाली. "आपण दोघींनी 'बघितलं का' म्हणून विचारलं. काय दिसलं, ते कुणीच विचारलं नाही."

त्याच दुपारी मास्तरांना दवाखान्यात हलवलं. मी खिळ्यावर राहिलो. मशीन बंद, खिडकी बंद, माझ्यावर चिंध्यांची धूळ. पाय राहतो की जातो, हे मला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. काकू मधूनच यायच्या, डबा भरायच्या आणि त्याच हलक्या पावलांनी निघून जायच्या. घरात झोपलेलं कुणी नसतानाही त्या तशाच चालायच्या. मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

पाय वाचला, चौथं बोट मात्र गेलं. मास्तर घरी आले, तेव्हापासून मला काकू धरू लागल्या. रोज फरशीवर बसून त्या बघायच्या आणि दिसेल ते सांगायच्या. "टाच कोरडी आहे. टाक्यापाशी जरा लाल आहे, काल होतं तेवढंच." सिस्टरने तर आपली शिकवण्याची तऱ्हाच बदलली. तिने मला थोडे दिवस मागून नेलं होतं. ती रुग्णाच्या तळव्याला गुपचूप लाल कागदाची टिकली चिकटवायची आणि म्हणायची, "काही वेगळं दिसतंय का, सांगा." मित्रांनो, किती जणांना ती दिसली नाही म्हणून सांगू. कुणाचे डोळे गेलेले, कुणाचा गुडघा वाकत नव्हता, कुणी लाजेने नुसतंच हो म्हणत होतं. आणि त्या सगळ्यांनी आधी छान शिकल्याचं सांगितलेलं होतं. सिस्टर एका बाकावर बसून राहिली. "आपण काय शिकवत होतो इतके दिवस," एवढंच ती म्हणाली. मग उठली आणि पुढच्या रुग्णाला टिकली लावली.

मी घरी परतलो तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतः खिळ्यावरून काढलं. आधी काच कुठली आणि पाठ कुठली ते पाहिलं. मग पाय उचलला आणि बोटाच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

"टाके बरे घातलेत," ते म्हणाले. "मी असतो तर अजून बारीक घातले असते."

काकू हसल्या आणि पाणी आणायला उठल्या. मास्तरांची नजर त्यांच्या मागे गेली. कित्येक वर्षांनी ते बायकोला चालताना बघत होते.

"अगं, थांब. तू अशी का चालतेस?"

"कशी?"

"टाच न टेकवता."

"सवय आहे."

"ही सवय नव्हती तुला. इथे बस."

"काहीतरीच काय तुमचं. मला कुठे शुगर आहे? माझे मेलीचे पाय काय बघायचे?"

मास्तर स्टुलावरून उठले, हळूहळू खाली फरशीवर बसले आणि काकूंना त्यांनी स्टुलावर बसवलं. मग मला त्यांच्या पायाखाली धरलं.

टाचा उभ्या चिरल्या होत्या. भेगा इतक्या खोल की आत लाल मांस दिसत होतं. रक्त वाळून काळं झालेलं, त्यात दुकानातले दोरे अडकलेले. एका भेगेत तर चिंधी दाबून बसवली होती, रक्त फरशीला लागू नये म्हणून. आणि या पायांना बधिरपणा नव्हता. यांना सगळं दुखत होतं. त्या हलक्या पावलांना मी प्रेम समजत होतो, मित्रांनो. तळवे बघणारा आरसा मी, त्या घरात खिळ्यावर टांगलेला, आणि ते पाय रोज माझ्याखालून गेले. सिस्टरला दिसले नाहीत, डॉक्टरांना दिसले नाहीत. मला कुणी त्यांच्याकडे वळवलं नाही.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या टाचणीच्या आधीपासून."

"बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?" काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, खरंच आठवून बघत होत्या.

मास्तरांनी घमेल्यात कोमट पाणी आणलं. आधी कोपराने ऊन पाहिलं, सिस्टरने शिकवलं होतं तसं, आणि काकूंचे पाय त्यात सोडले. शिंप्याच्या बोटांनी एकेक दोरा वेचून काढला. काकू डोळ्यांना पदर लावून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "पाणी सांडू नका उगाच."

आता मी जुना झालो. एका कडेचा पारा उडालाय, दांडा दोऱ्याने बांधलाय. मित्रांनो, तुमच्या घरातही एक जण असेल, जो बाकी सगळ्यांना दुखतं का म्हणून विचारतो. आज घरी गेलात की त्याला खाली बसवा आणि त्याचे पाय बघा. काही नाही, ठीक आहे, असं तो म्हणेल. त्याचं ऐकू नका, स्वतः बघा.

माझ्यासमोर आता रोज संध्याकाळी चार तळवे येतात. मास्तर काकूंचे बघतात, काकू मास्तरांचे. बोटं एकोणीस आहेत, आणि ती आता दोघेही मोजतात.