नानासोंचा पटका

म्हसवडच्या माळावर आमचं हेलिकॉप्टर उभं होतं आणि पंखा फिरत होता. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या धनाजीला स्ट्रेचरवरून आणत होते. सोबत त्याचे वडील नानासो पळत होते, डोक्याला भलामोठा पटका. पटका सुटून पंख्यात गेला तर सगळेच मेलो! आम्हा नर्सना तर ओढणीसुद्धा बंद. त्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी रागानं खूण केली: काढा तो!

नानासो थिजले. मग त्यांनी पटका उतरवला. मागे धनाजीच्या आईनं हंबरडा फोडला. इकडे डोकं उघडं करतात ते माणूस गेल्यावर, हे मला कुठल्या शहाण्यानं शिकवलं होतं?

तेवढ्यात धनाजीनं हात उचलून डोक्याभोवती फिरवला: बांधा. नानासो मागे पळाले, पंख्यापासून लांब कुंपणापाशी थांबले आणि रडत रडत पटका बांधू लागले.