वाटेवर अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, जरा लांब बसा. मी टोचते. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मागून पाय खाजवत बसाल आणि नाव मला ठेवाल.

मी घोंगडी आहे. काळ्या मेंढरांच्या लोकरीची, पांढऱ्या काठाची आणि वयाने तुमच्या आजीच्या बरोबरीची. पळसदेवच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या बाजूला आमची खडकवस्ती आहे. तिथल्या जोतीराम आबांच्या घरातली मी. पण सध्या मी घरात नाही. वस्तीकडे येणाऱ्या गाडीवाटेवर मला आडवं अंथरलं आहे आणि माझ्यावर माणसं ठाण मांडून बसली आहेत. ती का बसली आहेत, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे. नाहीतर बडबड करण्याची माझी खोड नाही.

माझी लोकर आबांच्या कळपातली. मेंढरं कातरली आणि लोकर कऱ्हाटीला गेली. तिथे आबांच्या होणाऱ्या बायकोचं, गोजरबाईचं माहेर. तिच्या आईने ती पिंजली, सूत कातलं, आणि मग सनगराने मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ पाजून त्याने मला इतकं ताठ केलं की भिंतीला टेकवली तर तशीच उभी राहायचे. गोजरबाई नवरी होऊन निघाली तेव्हा आईने मला तिच्या खांद्यावर टाकलं.

"ऊन, वारा, पाऊस समदं ही झेलंल," आई म्हणाली, "माणसांचं बोलणं तेवढं तुझं तू झेल."

त्यानंतर माझी खरी चैन सुरू झाली. दिवाळी सरली की कळप बाहेर पडायचा आणि त्याच्याबरोबर मीही. कधी मी अंथरूण, कधी पांघरूण, कधी डोक्यावरची खोळ. आबांचा मुलगा सूरज माझ्या झोळीत झोपला आणि थंडीत नुकती जन्मलेली कोकरंही माझ्यातच गुंडाळली गेली. दोघांनीही मला सारखंच भिजवलं. रोज नवं रान, नवा ओढा, नवी धूळ. मेंढराच्या अंगावरून आलेली मी, मला एका जागी करमतच नाही. कोणी माझी घडी घातली की माझा जीव घाबरा होतो.

मग धरणाचं पाणी चढलं. जुनं गाव पाण्याखाली गेलं. चुलीचे दगड आणि बिरोबाचा टाक माझ्यात बांधून गोजरबाई वरच्या खडकावर आली. आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं आणि लांबलांबून लोक फोटो काढायला येतात. गोजरबाई मात्र एकदाही बघायला गेलेली नाही. त्या दिवशी खडकावर चूल मांडून ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, मेंढरामागं लई हिंडले, आता पाण्यापुढं पळाले. पर हितनं उठायचं न्हाय."

मला ते ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? हिचं बूड टेकलं म्हणजे माझंही टेकलं. मी मनातल्या मनात तिच्यावर बरीच वर्षं रुसले.

तरी त्या वर्षांनी मला मान दिला, हे कबूल करायला हवं. आमच्या वस्तीची एक रीत आहे. काही वादावादी झाली, बांधाचं भांडण लागलं, सोयरीक जुळवायची झाली की घोंगडी अंथरायची. पायताण काढून बसायचं. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही. आणि बाहेरच्या माणसाला घोंगडीवर बसवून गूळपाणी दिलं, की तो वस्तीचा पाहुणा. त्याला वस्तीतून हुसकून लावायचं नाही, मग तो कोणी का असेना. वस्तीत घोंगड्या पुष्कळ होत्या, पण पंच बसायचे ते माझ्यावर. माझ्यावर बसून भलेभले खरं बोलले आहेत. काही जण मी टोचत होते म्हणून लवकर बोलले असतील, तो भाग वेगळा.

पुढे मेंढरं विकली गेली. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, ट्रॅक्टर आला. उशिरा का होईना, सूरजचं लग्न झालं. त्याची बायको सुकन्या बारामतीच्या कॉलेजात शिकलेली. पहिल्याच हिवाळ्यात तिने मला अंगावर घेतलं आणि भाजल्यासारखं फेकून दिलं.

"आत्याबाई, ही लई टोचतिया हो," ती सासूला म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात घरात वाघाचं चित्र असलेलं मऊ ब्लँकेट आलं. माझी रवानगी कांद्याच्या ढिगावर झाली. मित्रांनो, कांद्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. मला डोळे नाहीत, तरी आलं. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. काम रखडलं की तुम्ही त्याला भिजत घोंगडं म्हणता ना? मी तर कोरडी राहूनही रखडले होते.

अशात एक दिवस वस्तीवर पांढरी गाडी आली. त्यातून दिग्विजय नावाचे साहेब उतरले. गोड बोलणारे, हसतमुख, वयाने सूरजएवढे. ऊन रणरणत होतं. आबांना घोंगडी अंथरायची संधी कितीतरी दिवसांनी मिळाली होती. त्यांनी मला ढिगावरून ओढलं, झटकलं आणि कडुलिंबाखाली पसरलं. साहेबांनी बूट काढले, मांडी घातली, आणि गोजरबाईने गूळपाणी दिलं.

"कशाचं काम म्हणायचं, सायेब?" आबांनी विचारलं.

"जमिनीची तपासणी आहे, आबा. खाली दगड कसा आहे, पाणी किती खोल आहे, एवढंच बघायचं."

"खोदाई तर न्हाय ना?"

"नाही हो. तुमच्या एका ढेकळालाही धक्का लागणार नाही."

मी टोचत होते. साहेब मांडी बदलत होते, पण हसत होते. आबा खूश झाले. मला मात्र खाली कसंतरी झालं. माझ्यावर पुष्कळ माणसं बसली आहेत, आणि खोटं बोलणारा माणूस कसा बसतो ते मला कळतं. तो अंग चोरून बसतो. पण मला विचारतो कोण?

त्यानंतर माणसं आली आणि त्यांनी रानातून तारा अंथरल्या. जमिनीत बारीक भोकं पाडून सुरुंग उडवले. जमीन खालून थरथरली आणि ती थरथर कांद्याच्या ढिगातून माझ्या धाग्याधाग्यात शिरली. ती अजून गेलेली नाही. गोजरबाईच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. विहिरीचं पाणी गढूळ झालं ते कितीतरी दिवस निवळेना. शेळ्या त्या पाण्याला तोंड लावेनात. गोजरबाई भिंतीच्या चिरेत शेण-माती भरायची, आणि दुसऱ्या हादऱ्याला ती गळून पडायची.

मग बांधापलीकडे मुरूम पडू लागला. सूरजने डंपरवाल्याला तंबाखू देत सहज विचारलं, तर तो म्हणाला, "गॅसची विहीर पाडायची हाय हितं. लई खोल. म्हामार्गावर मशिन येऊन थांबलंया." बांधाच्या अलीकडे गोजरबाईचं घर, घरासमोर विहीर, आणि त्या एका विहिरीवर सगळी वस्ती पाणी पिते.

वस्तीत खळबळ उडाली. इंदापूरला अर्ज दिले. बारामतीला बैठक झाली, तिथे पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सगळं सुरक्षित असल्याचं सांगितलं. चुलतघरची राजेश्वरी उठून म्हणाली, "सुरक्षित हाय तर तुमच्या बंगल्यामागं खोदा की." लोक हसले. बैठक मोडली. मुरूम पडतच राहिला.

पोरांचं म्हणणं, साहेबाला आणि त्याच्या माणसांना वस्तीतून हाकलून द्यायचं. सगळे तयार होते. अडले ते आबा.

"न्हाय," आबा म्हणाले. "त्यो माज्या घोंगडीवर बसलाय. गूळपाणी प्यालाय. पाव्हण्याला हुसकायचं न्हाय."

"आबा, तुमच्या पाव्हण्यानं भिंत फोडली तुमची," सूरज चिडून म्हणाला.

"फुटू दे. रीत न्हाय फोडायची."

शेजारीपाजारी आबांना टोचून बोलू लागले, आणि टोचणं तर माझं काम. "तुमची घोंगडी आमच्या घरावर आली," असंही कोणी म्हणालं. आबा जेवेनासे झाले. सारखे उठायचे, विहिरीत डोकावायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. त्यांची ती तगमग मला बघवत नव्हती. रीत माझ्या नावाची, आणि तिच्यात सापडला माझा मालक. मला स्वतःचाच राग येत होता. आपण सुतासुताने उसवून जावं असं वाटत होतं.

एका सकाळी महामार्गाकडून मशिनचा धडधडाट ऐकू आला. पुढे साहेबांची पांढरी गाडी, मागे ते अजस्र यंत्र. पोरं दगड शोधू लागली. आबा दारात उभे राहून हात जोडून त्यांना थांबवत होते. कोण कोणाचं ऐकणार?

तेवढ्यात कोणीतरी मला कांद्याच्या ढिगावरून हिसकून घेतलं. सुकन्या होती. तीच, मला फेकून देणारी. तिने मला खांद्यावर टाकलं, ती धावत गाडीवाटेवर आली आणि यंत्राच्या समोर तिने मला आडवं अंथरलं. कुरतडलेला कोपरासुद्धा नीट सरळ केला.

साहेब गाडीतून उतरले. सुकन्या म्हणाली, "सायेब, बसा."

"ताई, हे काय आता? उशीर होतोय."

"बसा की. आमी वाट सोडतो. फकस्त त्या दिवशी आबांना जे बोललात, तेवढंच हिच्यावर बसून परत बोला. खोदाई न्हाय म्हणून."

पोरांच्या हातातले दगड हातातच राहिले. साहेब माझ्याकडे बघत होते. मग वाकले. एका बुटाची नाडी सोडली. त्या बुटातून पाय निघाला असता तर सगळंच संपलं असतं.

पण पाय निघाला नाही.

"ताई, उभ्याउभ्याच सांगतो ना मी," साहेब म्हणाले.

गोजरबाई मागून पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता. "उभ्यानं समदीच बोलत्यात, लेकरा," ती म्हणाली. "बसून बोल."

साहेबांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नसावा तो. वाईट माणूस खुशाल बसला असता. त्यांनी खाली बघत नाडी पुन्हा बांधली. ते बघून आबांनी पायताण काढलं, माझ्यावर आले आणि मांडी घालून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा जीव खाली पडलेला मला कळला. ते अंग चोरून नाही, सगळं वजन टाकून बसले होते.

"हिच्यावर बसून खोटं बोलला, आता त्यो पाव्हणा न्हाय," आबा म्हणाले. "माज्याकडनं वाट बंद."

पोरांनी दगड टाकले आणि तीही बसली. बाया बसल्या. मी पुरेना, तेव्हा घराघरांतून जुन्या घोंगड्या निघाल्या. कोणाची माळ्यावरून, कोणाची ट्रॅक्टरच्या सीटवरून. यंत्र थोडा वेळ धडधडलं, मग मागे सरकत सरकत महामार्गावर गेलं.

गेलं म्हणजे गेलं नाही, मित्रांनो. तिथेच कडेला उभं आहे. वाऱ्याची दिशा फिरली की त्याच्या डिझेलचा वास येतो. अर्ज कुठल्याशा टेबलावर आहेत. उद्या काय होईल, मला ठाऊक नाही आणि तुम्हाला उगाच धीर देण्याचा माझा स्वभाव नाही. माणसं आळीपाळीने माझ्यावर बसतात, भाकरी खातात, भांडतात, रोज नव्याने चिडतात. दुपारी सुकन्या आपल्या लहान लेकीला, प्रगतीला, माझ्यावर निजवते. पोरगी चुळबुळ करते. "टोचतंय व्हय गं?" सुकन्या तिला विचारते, आणि माझ्यावर आपला पदर पसरून देते. मला उचलून मात्र बाजूला करत नाही.

मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला डांबराच्या गोळ्या घालून पेटीत कोंडू नका. ऊन दाखवा, झटका, अंथरा, वापरा. आणि कोणी दारात येऊन तुमच्या पायाखालच्या जमिनीबद्दल गोड बोलू लागलं, तर भांडण्याआधी त्याला म्हणा, बूट काढा आणि बसा. जो अंग न चोरता बसेल त्याचं ऐकून घ्या.

परवा वळवाचा पाऊस आला. गोजरबाई मला उचलायला वाकली. मी भिजून इतकी जड झाले होते की तिला उचलवेना. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि भिजत माझ्यावरच बसली. मला हिंडायची किती हौस होती, हे तुम्हाला सांगितलंच आहे. पण त्या पावसात, आयुष्यात पहिल्यांदाच, मला कुठेही जावंसं वाटलं नाही.