पोटरीवरचा गोल

स्वतःचा विक्रम मोडला जावा म्हणून भांडणारा माणूस मी एकदाच पाहिला. त्याचं नाव ओरेस्ट हावरिलुक.

एका हंगामात एकसष्ट गोल, हा बर्फावरच्या हॉकीच्या आमच्या प्रेअरी लीगचा विक्रम १९५१ पासून त्याच्या नावावर होता. मध्ये काही वर्षं लीग बंदच पडली होती. पुन्हा सुरू झाल्यावरही कोणी त्याच्या जवळपास फिरकलं नाही. १९८७च्या मार्चमध्ये ब्रॅनॉक मिलर्स संघाच्या लायल देजार्लेने एकसष्टावा गोल मारून बरोबरी साधली आणि रिवाजाप्रमाणे क्लबने ओरेस्टला बोलावणं धाडलं. विक्रम मोडेल तेव्हा जुन्या धन्याने बर्फावर उतरून नव्याचा हात हातात घ्यायचा, असा हा रिवाज. ओरेस्ट गावाहून बसने आला. सोबत एक पिशवी आणि दोन शर्ट होते. त्याच्या अंदाजाने काम दोन दिवसांचं होतं.

लायल गोल करायचाच थांबला.

एक सामना कोरडा गेला, मग दुसरा, तिसरा. आमच्या दैनिकासाठी मी संघाबरोबर फिरत होतो. रोज सकाळी हॉटेलात ओरेस्ट माझ्यासमोर बसून तीच अंडी खायचा आणि काउंटरवरच्या फोनवर बायकोची बोलणी ऐकायचा. स्टेफ्काचा आवाज तीन टेबलांपर्यंत यायचा.

"इथे गायी व्यायला लागल्यात, ओरेस्ट. तपकिरीचं वासरू आडवं आलं होतं. शेजाऱ्याने कोपरापर्यंत हात घालून काढलं. तू काय करतोयस?"

"अंडी खातोय."

"त्या पोराला सांग, एक गोल कर म्हणावं. एकच. तू दिवसाला दोन-दोन करायचास."

"सांगून होत नाही गं ते."

"मग तूच कर आणि ये!"

फोन ठेवून तो निमूट परत यायचा. संघातली पोरं त्याला 'दीदो' म्हणायला लागली होती. युक्रेनी घरांत आजोबांना असंच म्हणतात. ती त्याला जुन्या काळाबद्दल विचारायची आणि तोही हातचं न राखता सांगायचा.

त्याच्या आधी विक्रम होता हेक्टर मक्लेव्हर्टीचा. चोवीस सामन्यांत चाळीस गोल. त्या काळी समोरच्यांच्या हद्दीत पुढे पास द्यायलाच बंदी होती. ती काळी रबरी चकती, म्हणजे पक, स्वतःच पळवत न्यायचा आणि स्वतःच मारायचा. बदली खेळाडू जेमतेम, त्यामुळे हेक्टर अख्खा सामना बर्फावरच असे. ओरेस्टच्या वेळेपर्यंत पुढे पास देण्याची मुभा आली होती, मैदानाच्या मधोमध तांबडी रेघ येऊन आपल्या हद्दीतून तिथपर्यंत लांब पास देता येत होता आणि हंगाम साठ सामन्यांचा झाला होता. आता हंगाम ऐंशी सामन्यांचा आहे. काठ्यांची पाती वाकडी झाली, पक उसळून वर जातो; पण गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा आला आणि पायांवरच्या गाद्या रुंद झाल्या.

"मग खरा मोठा कोण, दीदो?" कर्णधार डग विशार्टने एकदा विचारलं.

"ज्याच्या ताटात जे पडलं ते तो जेवला. हेक्टरच्या ताटात सामने कमी, माझ्या ताटात पास. तुमच्या ताटात ही अंडी."

हेक्टरची खरी गोष्ट त्याने फक्त मला आणि लायलला सांगितली. १९५१ मध्ये ओरेस्टने एक्केचाळिसावा गोल मारला तेव्हा हेक्टर तिसऱ्या रांगेत बसला होता. हात पुढे करून ओरेस्ट कठड्यापाशी गेला. हेक्टरने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि तो बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं वाक्य आलं: मला साठ सामने दिले असते तर मी शंभर केले असते.

"हिशेबाने शंभरच होतात," ओरेस्ट म्हणाला. "मी करून पाहिला. तो चुकला नव्हता. पण हात मिळवायला हिशेब कशाला लागतो? तो आठ वर्षांनी गेला. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. तिथेही शवपेटीवर ती टोपी ठेवलेली होती." त्याने कपातली कॉफी संपवली. "तेव्हाच ठरवलं होतं. माझा मोडेल त्या दिवशी मी हजर असणार. गायी व्याल्या तरी."

लायल मितभाषीच होता. मेती, म्हणजे मूळनिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र घराण्यातला, नदीकाठच्या वस्तीवर वाढलेला, धक्काबुक्कीत पाय रोवून उभा राहणारा गडी. त्याचे बरेचसे गोल जाळीच्या तोंडाशी, गर्दीतले असत. प्रतिस्पर्धी फोर्ट हॅलमच्या पेपराने त्यावर लिहिलं होतं: हावरिलुकचे एकसष्ट साठ सामन्यांत, देजार्लेचे एकसष्ट ऐंशींच्या हंगामात, आणि त्यातले निम्मे केर गोळा करून. ते कात्रण कोणीतरी त्याच्या कपाटावर चिकटवलं होतं. त्याने ते काढलं नव्हतं.

त्या आठवड्यात मंगळवारी फोर्ट हॅलमलाच सामना होता. शेवटच्या मिनिटाला ते एका गोलने मागे होते, म्हणून त्यांनी गोलरक्षक काढून एक जादा खेळाडू उतरवला. पक लायलकडे आला. समोर बर्फ मोकळा, जाळी रिकामी. माझी आजीसुद्धा तो गोल करू शकली असती. लायलने मान वळवली आणि पक डावीकडच्या गड्याला दिला. गोल त्याने केला.

सामना संपल्यावर ओरेस्ट कपडे बदलायच्या खोलीत शिरला. त्याचे कान लाल झाले होते.

"पोरा, काय होतं ते?"

"रिकाम्या जाळीत नको होता, दीदो." लायल बुटांचे बंद सोडत होता. "तुमचा विक्रम असा मोडायचा नाही मला. चांगला गोल पाहिजे."

"चांगला? माझे एकसष्ट पाहिलेस का तू? तीन रिकाम्या जाळीत होते. आणि एकोणिसावा ढुंगणाला लागून गेला होता माझ्या! मी पाठ करून एकाशी भांडत होतो. लोक ओरडले तेव्हा मला कळलं गोल झाला म्हणून!"

खोलीत हशा उसळला. विशार्ट म्हणाला, "पेपरात काय आलं होतं, दीदो?"

"'हावरिलुकची चतुराई.'"

ती आमच्याच पेपरातली ओळ होती. लायलही हसला, पण बंद सोडताना पुन्हा म्हणाला, "तरी. मला चांगला पाहिजे."

शनिवारी दुपारी ब्रॅनॉकला हंगामातला शेवटचा सामना होता. इथे गोल झाला नाही तर विक्रम दोघांच्या नावावर राहणार, आणि ओरेस्ट साडेपाचच्या बसने परत जाणार. स्टेफ्काने फोनवर तेवढीच मुदत दिली होती. त्या गाडीने आला नाहीस तर गोठ्याची किल्ली वासराच्या गळ्यात बांधून मी बहिणीकडे निघून जाईन, असंही ती म्हणाली होती. ओरेस्ट पिशवी घेऊनच बर्फाच्या हॉलमध्ये आला आणि जाळीमागच्या काचेला लागून बसला. पायात गोठ्यातलेच रबरी बूट. चर्चच्या बायका दाराशी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकत होत्या. त्याने एक पुडा घेतला आणि तसाच मांडीवर ठेवून दिला.

शेवटच्या सत्रात दोन्हीकडे दोन-दोन गोल होते. लायल जाळीच्या तोंडाशी उभा, नजर जाळीकडे, आणि समोरच्या संघाचा एक दांडगा बचावपटू त्याला काठीने ढोसत होता. मागून, लांबून, विशार्टने पक मारला. गर्दीतून तो आत गेला. भोंगा वाजला. निवेदकाने जाहीर केलं: गोल, डग विशार्ट.

सगळे विशार्टच्या अंगावर पडले. लायलही पडला. मग डाव्या पायावर जरा कमी भार देत तो बाकावर जाऊन बसला.

ओरेस्ट उठून उभा राहिला. पिरोगी खाली सांडली.

बर्फाच्या कडेला गुणनोंदीचं टेबल होतं आणि तिथे मिस सोलेम बसायची. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि पंचसुद्धा तिच्याशी हळू आवाजात बोलत. माझी खुर्ची तिच्या मागेच होती. ओरेस्ट थेट तिथे येऊन थडकला.

"मिस सोलेम, तो गोल विशार्टचा नाही."

"मिस्टर हावरिलुक, जागेवर बसा."

"पकाची दिशा बदलली. देजार्लेला लागून गेला. मी समोरून पाहिलं."

"देजार्लेने काही म्हटलेलं नाही. आणि या प्रकरणात तुमचा हितसंबंध आहे."

"अहो, हितसंबंध उलटा आहे! माझंच नुकसान होतंय!"

"उलटा असला तरी हितसंबंधच." तिने चष्मा सारखा केला. "दुरुस्ती फक्त कर्णधार मागू शकतो. सामना संपायच्या आत. सहा मिनिटं उरली आहेत."

नियम साधा आहे. पक पायाने ढकलला तर गोल बाद. आपटून गेला तर चालतो आणि ज्याला शेवटचा लागला त्याच्या नावावर पडतो. पण टीव्हीवाले आमच्याकडे फक्त बाद फेरीला येत. कोणाला लागला हे एक तर खेळाडू सांगणार, नाही तर कोणीच नाही.

लोकांना दिसत होतं ते एवढंच, की म्हातारा टेबलाशी जाऊन हातवारे करतोय. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला.

"बस खाली, म्हाताऱ्या! नाही मोडला तुझा विक्रम!"

"पुरे झालं की आता, छत्तीस वर्षं खाल्लंस!"

पॉपकॉर्नचा रिकामा डबा त्याच्या खांद्याला लागला. त्याने वळून पाहिलं नाही. बाक पलीकडच्या बाजूला होते. जिना चढून, अख्खा हॉल वळसा घालून, जिना उतरून तो धापा टाकत मिलर्सच्या बाकामागे पोचला. मीही मागोमाग गेलो. बातमी तिकडे चालली होती.

"विशार्ट! गोल तुझा की त्याचा?"

"मला काय माहीत, दीदो? माझ्यासमोर सहा ढुंगणं होती. त्यातलं कुठलं मध्ये आलं कोण जाणे!"

"लायल?"

"मला नाही लागला." लायल बर्फाकडे बघत होता.

"पाय वर कर. डावा."

"दीदो, सामना चालू आहे."

"पाय!"

लायलने बाकावरच गुडघा मोडून पाय मागे घेतला. धुतलेल्या पांढऱ्या मोज्यावर, पोटरीच्या मधोमध, रबराचा काळा डाग होता. पुढच्या बाजूला असे डाग सगळ्यांनाच असतात, तिथे संरक्षक कवच असतं. पोटरीला मागून मार बसतो तो जाळीकडे तोंड करून उभ्या असलेल्यालाच, आणि तिथे मोज्याखाली काहीच नसतं. ओरेस्टने त्या डागावर अंगठा दाबला.

"आई गं!" लायल किंचाळला.

अख्खा बाक खिंकाळला. प्रशिक्षकाने तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं.

"नाही लागला म्हणे!" ओरेस्ट म्हणाला.

लायलचा चेहरा लाल झाला होता. "असा नको मला. न बघता, पोटरीला लागून! उद्या फोर्ट हॅलमवाले काय लिहितील माहितीये? हा पण केरच."

"लिहू देत. मलाही म्हणाले होते, साठ सामने मिळाले, फुकटचे पास मिळाले. ऐक." ओरेस्टने कठड्याला दोन्ही हात टेकले. "जिथे उभं राहिलं की दुखतं तिथे तू उभा होतास. मीही तिथेच उभा असायचो, म्हणून तर ढुंगणाला लागला. न बघता लागो की बघून, गोल उभं राहणाऱ्याचाच."

लायल पोटरी चोळत होता.

"आणि तू लपवलंस तर अर्धा विक्रम माझ्याकडे राहतो. तुझ्या मेहेरबानीचा. तो मी घरी नेऊन कुठे ठेवू? गोठ्यात?"

शिट्टी झाली, खेळ थांबला. लायलने विशार्टकडे पाहून मान हलवली. दोघं घसरत टेबलाशी गेले. पुढचं बोलणं पंचाने मला नंतर सांगितलं. तो शेजारीच उभा होता.

"लागला का, देजार्ले?" मिस सोलेमने विचारलं.

"लागला."

"कुठे?"

"पोटरीवर."

"डाव्या की उजव्या?"

"डाव्या."

"हे मघाशीच सांगायला काय झालं होतं?" तिने एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली.

निवेदकाने खाकरून दुरुस्ती जाहीर केली: गोल, लायल देजार्ले, हंगामातला बासष्टावा. क्षणभर हॉलला काही उमजलं नाही. मग म्हातारा मघाशी कशासाठी भांडत होता हे लोकांच्या लक्षात आलं, आणि मग जो आवाज झाला तसा मी त्या छपराखाली पुन्हा ऐकला नाही. ज्याने पॉपकॉर्नचा डबा फेकला होता तो खुर्चीवर उभा राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होता.

बाकाचं छोटं दार उघडलं. विशार्टच्या कोपराला धरून, रबरी बुटांनी एकेक पाऊल टाकत ओरेस्ट बर्फावर उतरला. लायलने हातमोजा काढला. त्यांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी कठड्यापाशी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"ऐंशी सामने लागले मला, दीदो."

"मला साठ, हेक्टरला चोवीस. तुझा मोडणाऱ्याला आणखी काही तरी मिळालेलं असेल जे तुला मिळालं नाही. असणारच. तेव्हा एकच कर."

"काय?"

"टोपी घालून उठू नकोस."

उरलेला सामना पाहायला ओरेस्ट थांबला नाही. सामना तीन-तीन बरोबरीत सुटला. मी बाहेर आलो तेव्हा तिकीट खिडकीशेजारच्या फोनवर ओरेस्ट उभा होता, पिशवी पायांत.

"मोडला?" स्टेफ्काचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"मोडला."

"देवा! कसा?"

"पोटरीला लागून."

"तुझा कुठे लागला होता?"

"तुला माहीत आहे कुठे ते."

ती एवढी हसली की त्याने फोन कानापासून लांब धरला. मग म्हणाली, "ये लवकर. ठिपकीची वेळ भरत आलीये."

ओरेस्टने बाहेरच्या घड्याळाकडे पाहिलं. बस यायला वेळ होता. वाटेत पिरोगीचं टेबल लागलं. एक पुडा आधीच सांडला होता, म्हणून त्याने दोन घेतले.