खरी झालेली कादंबरी

सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली होती, आणि त्या कादंबरीचं दुर्दैव असं की तिच्यातलं सगळं खरं झालं.

तेव्हा त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा दिवसभर कारखान्यात, पोरगं मांडीवर, आणि उरलेल्या एका हाताने त्यांनी पुढच्या शतकातलं घर लिहून काढलं. भिंतीवरच्या काचेत दूरगावची माणसं हलती-बोलती दिसतात, दार मालकिणीचा चेहरा ओळखून उघडतं, नोटेला हात न लावता पैसे दुकानदाराकडे पोचतात, बाई घरी बसून परदेशातल्या कचेरीचं काम करते. लोक पोट धरून हसले. शेजारीण येता-जाता विचारायची, आज काच काय म्हणतेय? एका समीक्षकाने लिहिलं, लेखिकेची कल्पना दावं तोडून पळाली आहे. सासूबाईंनी ते सगळं मुकाट गिळलं. आपली वेळ येणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

वेळ आणली ती सुनेने. ती एका प्रकाशनासाठी घरूनच मुद्रितं तपासायची. प्रकाशनाने जुन्या विज्ञान कादंबऱ्यांची माला काढायची ठरवल्यावर तिने सासूबाईंचं पुस्तक पुढे केलं. सासूबाई वरवर म्हणाल्या, कशाला ती जुनी मढी उकरतेस. पण दुसऱ्या दिवशी केस धुऊन, इस्त्रीची साडी नेसून त्या फोनची वाट बघत बसल्या होत्या.

फोन आला. मालेचा संपादक म्हणजे तिशीतला, पाप्याचं पितर दिसणारा एक मनमिळाऊ मुलगा. त्याचा चेहरा सुनेच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये उमटला. कादंबरी फारच गोड आहे, तो म्हणाला, एका बैठकीत वाचली. मग जरा घुटमळला.

“पण मॅडम, यात विज्ञान कुठंय? बाई घरून काम करते, फोनवर तोंड बघून बोलते, सामान दारात मागवते. हे तर माझ्या बहिणीचं घर झालं.”

तो हे सांगत होता तो नेमक्या त्याच काचेतून, जिच्यावर चाळीस वर्षांपूर्वी गाव हसलं होतं. ते त्याच्या गावीही नव्हतं. त्याने सुचवलं, विज्ञानमालेऐवजी कौटुंबिक कादंबऱ्यांत घेऊ, तिथे वाचकही जास्त. सासूबाई विचार करते म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. बराच वेळ त्या कपाटातल्या घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत राहिल्या.

“आधी हसले,” त्या सुनेला म्हणाल्या, “आता जांभया देतायत. मधल्या मध्ये माझी वेळ गेली कुठे गं?”

 त्या घड्या सुनेच्या मनातून जाईनात. हे पुस्तक विज्ञानमालेत गेलं तरच आईंची वेळ आली म्हणायची, एरवी नाही, एवढं तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण झोपलं. बटण म्हणजे तिचं आठ महिन्यांचं लेकरू. शर्टाच्या बटणाएवढं नाक घेऊन जन्माला आलं म्हणून बापाने ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. त्याच्या मुठीत तिच्या वेणीचं टोक होतं. ते सोडवायला गेलं तर जागं होणार, म्हणून ती तशीच मान वाकडी करून बसली आणि संपादकाने शेरे मारून पाठवलेली प्रत फोनवर एका बोटाने पुढे सरकवू लागली. दुधाचा, पावडरीचा आणि कोमट टाळूचा वास येत होता. असा तासभर मिळाला की तिला राज्य मिळाल्यासारखं वाटायचं.

बोलत्या काचेजवळ शेरा नव्हता. चेहरा ओळखणाऱ्या दाराजवळ नव्हता. सहा प्रकरणं कोरी गेली. सातव्यात कादंबरीतला नवरा कामावरून येतो, हात धुतो, बायकोच्या कडेवरून मूल घेतो. ती खोलीचं दार लावून आपलं काम करते आणि दिवेलागणीपर्यंत कोणी दार ठोठावत नाही. त्याचं कोणी कौतुकही करत नाही. रोज असंच. या पानाच्या कडेला संपादकाने लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे अवास्तव वाटतं. सबळ कारण द्या किंवा कापा.’

ती इतक्या जोरात हसली की बटण दचकून उठलं.

सासूबाई धावत आल्या. तिने त्यांच्या हातात बटण दिलं आणि शेरा वाचून दाखवला. मग विचारलं, बाबा घ्यायचे का हो यांना लहानपणी असं?

“ते? त्यांना पोराचं डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं तेही उमगायचं नाही.”

“मग हे सुचलं कुठून?”

“काच सुचली तिथूनच,” सासूबाई म्हणाल्या.

या वेळी फोन सुनेने लावला. तिने संपादकाला मानभावीपणे विनंती केली, तेवढा सातव्या प्रकरणावरचा शेरा जरा मोठ्याने वाचाल का? त्याने वाचला. मग ती म्हणाली, काच, दार, पैसे, सगळं तुम्हाला घरचं वाटलं. या एकाच गोष्टीवर तुमचा विश्वास बसला नाही. मग पुस्तकातलं विज्ञान कुठलं, तुम्हीच सांगा. तो तोंड उघडणार तोच त्याच्या मागे एक मूल रडलं, आणि चौकटीबाहेरून एक बांगडीचा हात आला आणि मुलाला उचलून घेऊन गेला. संपादकाने वळून त्या हाताकडे पाहिलं. पुढे बघितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“विज्ञानमालेतच घेऊ,” तो म्हणाला. “पहिलंच पुस्तक करू. आणि मॅडम, एखादं नवं प्रकरण मिळेल? पुढच्या चाळीस वर्षांचं?”

सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. महिनाभरात देते म्हणाल्या, आणि त्याच दुपारपासून टेबल अडवून बसल्या. आता पंचाईत झाली. सून कामाला बसली की बटणाला सासूबाईच सांभाळायच्या. आता दोघींपुढेही कागद. सुनेच्या नवऱ्याला त्या आठवड्यापासून सकाळची पाळी लागली होती, तो दुपारीच घरी यायचा. तो आला, चप्पल काढली आणि विचारलं, मग बटणाला कोण बघतंय? दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

“आईच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण वाच,” सून म्हणाली.

इतक्या वर्षांत त्याने आईचं पुस्तक उघडलं नव्हतं. बटणाला खांद्यावर टाकून त्याने उभ्याउभ्याच ते वाचलं. वाचून झाल्यावर हात धुवायचे राहिले म्हणून न्हाणीघरात गेला. पहिल्या दुपारी त्याने चार वेळा दार ठोठावलं, दुसऱ्या दुपारी दोनदा. पुढच्या आठवड्यात बाहेरून नुसतं त्याचं बेसूर गुणगुणणं ऐकू यायचं आणि मध्येच बटणाचं खुदकन हसणं.

एका दुपारी सासूबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. बाहेरच्या गुणगुणण्याकडे कान देऊन त्या हळूच म्हणाल्या, “अगं, छापून होईपर्यंत हेही जुनं झालं तर? मग परत म्हणतील, यात विज्ञान कुठंय.”

सुनेने मुद्रितावरून मान वर केली नाही.

“आत्ताशी एक घर झालंय, आई,” ती म्हणाली. “आवृत्ती खपेपर्यंत निभेल. तुम्ही लिहा.”